मातीतला ओलमापक : आकडा मानण्याआधी ताडून घ्या



फुलंब्री तालुक्यात आल्याच्या काही प्लॉटांमध्ये आता गादीवाफ्याच्या कडेला एक पांढरा डबा उभा दिसतो. वर छोटी सौरपट्टी, खाली जमिनीत गेलेली एक-दोन वायर, आणि मोबाईलवर येणारा आकडा : ‘ओल २४ टक्के, पाणी द्यावे.’ कार्यक्रमात या डब्याविषयी सांगितल्यावर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली, ‘साहेब, डबा घ्यावा का?’ घ्यायला हरकत नाही. पण घेतल्यावर पहिल्या महिन्यात त्याची परीक्षा घ्या, आणि ती परीक्षा स्वतःच्या मातीत घ्या. ती कशी घ्यायची, एवढ्यासाठीच हे पत्रक आहे.

बाजार समितीत माल घातला की तुम्ही आधी काट्याकडे पाहता. त्या काट्यावर वैध मापन खात्याचा शिक्का असतो, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दर वर्षी करून घ्यावी लागते. वावरातल्या ओलमापकावर असा शिक्का नसतो. कारखान्यात तो एखाद्या ठराविक मातीत तपासलेला असतो. ती माती आपली भारी काळी असेलच असे नाही. म्हणून शिक्का मारायचे काम तुमच्याकडे येते.

यंत्र काय मोजते?

खरे पाहता ते पाणी मोजतच नाही. जमिनीत खुपसलेल्या दांड्यांमध्ये किंवा पट्ट्यांमध्ये विजेचा अतिशय सौम्य प्रवाह सेकंदाला लाखो-कोटी वेळा उलटसुलट फिरवला जातो. दोन पट्ट्यांमधला पदार्थ विजेचा भार किती साठवून धरतो, तेवढेच यंत्राला कळते. हा गुण हवेचा १ धरला तर कोरड्या मातीच्या कणांचा साधारण ३ ते ५ येतो आणि पाण्याचा ८० च्या आसपास. फरक एवढा मोठा असल्यामुळे माती थोडी जरी ओली झाली तरी यंत्राला लगेच समजते. कॅनडातील टॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली या गुणावरून ओलीची टक्केवारी काढण्याचे सूत्र मांडले. आजच्या अनेक यंत्रांचा हिशोब त्या सूत्रावर किंवा त्याच्यासारख्या एखाद्या सूत्रावर चालतो.

अडचण इथेच आहे. यंत्राला विजेचा गुण कळतो, टक्के मात्र हिशोबाने काढलेले असतात. हिशोब दुसऱ्या मातीचा असेल तर टक्केही दुसऱ्याच मातीचे येणार. आपल्या चिकण काळ्या मातीत काही पाणी कणांना इतके घट्ट चिकटून बसते की ते मोकळ्या पाण्यासारखे वागत नाही. शिवाय ही माती वाळली की आकसते, भेगाळते. भेग नेमकी पट्टीला लागून पडली तर यंत्र मातीऐवजी हवा मोजते.

बाजारात दोन काड्यांचे अगदी स्वस्त यंत्रही मिळते. त्यात प्रवाह मातीतून थेट वाहतो. त्याच्या काड्या काही आठवड्यांत गंजून खातात. ते कुंडीत ठीक, वावरात नको. कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेने रंगीत दिव्यांचा ओलदर्शक तयार केला आहे. निळा दिवा लागला तर ओल भरपूर, हिरवा पुरेशी, नारिंगी कमी आणि लाल फारच कमी. हातात धरून मातीत टोचायचा आणि रंग पाहायचा. ज्याला मोबाईलची कटकट नको त्याला हा सोपा.

माझ्याकडून झालेली चूक

आपल्याच तालुक्यातल्या एका गावात आल्याच्या प्लॉटवर असा डबा बसवला होता. जुलैअखेर मोबाईलवर ओल २४ टक्के दिसत होती आणि पाणी द्या म्हणून सूचना येत होती. मी पाहणीला गेलो होतो. घरच्या म्हाताऱ्या काकांनी वाफ्यातली मूठभर माती घेतली, दाबली आणि माझ्यापुढे धरली. लाडू वळला होता आणि बोटांना पाणी लागत होते. काका म्हणाले, ‘साहेब, अजून वापसा नाही.’ मी मोबाईलकडे बोट दाखवले. पाणी सुरू ठेवले. पंधरवड्यात दोन वाफ्यांत पाने शेंड्याकडून पिवळी पडू लागली, कोंब ओढला की हातात येऊ लागला. कंदसड लागली होती. बुरशी जमिनीत असतेच, पण साचून राहिलेल्या पाण्याने तिला वाट करून दिली.

नंतर यंत्र उकरून पाहिले. बसवणाऱ्याने मोठा खड्डा घेऊन वरून ढेकळे लोटली होती. पट्टीच्या एका अंगाला बोटभर पोकळी होती. शेजारची माती वजन करून तपासली तर ओल ३८ टक्के निघाली. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. बसवण्यात चूक होती, आणि न तपासता विश्वास ठेवण्यात माझी.

म्हणून आधी बसवण्याविषयी. पट्टी मावेल एवढेच भोक घ्यावे. भोकातून निघालेल्या मातीची पाण्यात पातळ रबडी करावी, ती भोकात ओतावी आणि मग पट्टी दाबून बसवावी, म्हणजे हवा राहत नाही. आल्याला एक यंत्र १५ सेंटिमीटर खोलीवर आणि जमल्यास दुसरे ३० सेंटिमीटरवर ठेवावे. वरचे यंत्र मुळांची गरज सांगते. खालच्याचा आकडा पाणी दिल्यावर वर चढू लागला, तर पाणी मुळांच्या खाली वाया चालले आहे असे समजावे. यंत्र ड्रिपरच्या अगदी खाली नको आणि ओलाव्याच्या वर्तुळाबाहेरही नको, दोहोंच्या मध्ये असावे. रबडीचे पाणी मुरून माती बसेपर्यंत, म्हणजे पहिले आठ दिवस, आकडा धरू नये.

पुरण्याआधीची परीक्षा

ही परीक्षा ओसरीवर बसून होते. कोरड्या हवेत यंत्र धरून आकडा लिहावा. मग बादलीभर स्वच्छ पाण्यात, पट्टीवरच्या खुणेपर्यंतच बुडवून आकडा लिहावा. असे दहा वेळा करावे. हवेतले दहा आकडे एकमेकांशी आणि पाण्यातले दहा आकडे एकमेकांशी जवळपास जुळले पाहिजेत. तेच पाणी, तीच पट्टी, आणि आकडा दर वेळी निराळा येत असेल तर यंत्र परत करावे. त्यावर पुढे कितीही मेहनत घेतली तरी उपयोग नाही.

त्याच बादलीत मूठभर पांढरे पोटॅश विरघळवून पुन्हा पाहावे. पाणी तेवढेच आहे, फक्त खारट झाले. आकडा फार उडी मारत असेल तर ते यंत्र क्षारांना भुलते. अशा यंत्रात ठिबकमधून विद्राव्य खत सोडल्यावर ओल वाढल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात ती वाढलेली नसते. ज्यांच्या विहिरीचे पाणी मचूळ आहे त्यांनी ही परीक्षा चुकवू नये.

तिसरी परीक्षा उन्हाची. डब्यात ओली माती भरून त्यात यंत्र बसवावे, पाणी उडू नये म्हणून तोंडाला प्लास्टिक बांधावे. पहाटे एक आकडा घ्यावा आणि दुपारी उन्हात ठेवून दुसरा. मातीतली ओल तीच असताना आकडा तीन-चार टक्के हलला, तर दोष तापमानाचा. वावरात रोज ठराविक वेळी, शक्यतो सकाळी लवकर घेतलेलाच आकडा मग जमेस धरावा.

वजनाची परीक्षा : हीच खरी

ओल मोजण्याची मूळ रीत वजनाची आहे. प्रयोगशाळेत माती १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत २४ तास वाळवतात आणि किती वजन घटले ते पाहतात. घरी तव्यावरही हे काम पुष्कळसे होते.

पीव्हीसी पाईपचा तुकडा घ्यावा. आतला व्यास ७ सेंटिमीटर आणि उंची साडेसहा सेंटिमीटर असेल तर त्यात २५० घन सेंटिमीटर माती मावते. एका कडेला कानस मारून धार करावी. यंत्र ज्या खोलीवर आहे त्याच खोलीवर, यंत्रापासून हातभर दूर, पण ड्रिपरपासून तेवढ्याच अंतरावर हा तुकडा मातीत दाबावा. माती आत ठेचून भरू नये, जशी आहे तशी येऊ द्यावी. वरखाली सुरीने सपाट करून सगळी माती ताटात काढावी आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावी. ताटाचे वजन वजा करायला विसरू नये.

समजा माती ४१० ग्रॅम भरली. ती तव्यावर पसरून मंद आचेवर उलथन्याने हलवत वाळवावी. दर दहा मिनिटांनी तोलावी. लागोपाठ दोन वजने सारखी आली की माती वाळली. आता ३२० ग्रॅम उरली असेल तर पाणी गेले ९० ग्रॅम, म्हणजेच ९० घन सेंटिमीटर. अडीचशेत नव्वद म्हणजे शेकडा ३६. ही त्या जागेची खरी ओल. आच मोठी करून माती जाळू नका, धूर निघाला की हिशोब बिघडतो. घरच्या रीतीत एक-दोन टक्क्यांचा फरक राहील, तो चालतो.

त्याच वेळी मोबाईलवर यंत्राचा आकडा किती होता तो शेजारी लिहावा. असे निदान तीनदा करावे : भरपूर ओल असताना, वापसा आल्यावर, आणि जमीन सुकत आल्यावर. समजा खरी ओल ३६, ३० आणि २५ असताना यंत्राने २७, २३ आणि १९ दाखवले. याचा अर्थ, यंत्र तुमच्या मातीत ओल पाऊणपटच सांगते, पण इमानाने तेवढीच सांगते. हे यंत्र कामाचे आहे. विकणाऱ्याला सांगून दुरुस्ती आत भरून घ्यावी, नाहीतर कागदावर लिहून डब्यावर चिकटवावी. तीन वेळा तीन तऱ्हेचा फरक आला तर मात्र आधी पोकळी शोधावी. एक खूण सांगतो. ओल दिवसागणिक हळूहळू उतरते. आकडा एका दुपारीच धाडकन कोसळला तर माती सुकली नसून पट्टीजवळ भेग पडली असे समजावे.

वापसा आल्याच्या दिवशीचा यंत्राचा आकडा लाल शाईने लिहून ठेवा. वापसा ओळखायला तुम्हाला कोणी शिकवायला नको. पायाला चिखल चिकटत नाही, लाडू वळतो पण खाली टाकला की फुटतो. त्या दिवशी मातीत पाणीही असते आणि मुळांना हवाही. यंत्राचा उपयोग एवढाच की वरून दिसणारा हा वापसा १५ आणि ३० सेंटिमीटर खाली किती, ते रोज न उकरता कळते. त्या आकड्याच्या किती खाली उतरल्यावर पाणी सोडायचे, हे पिकाच्या वाढीवर आणि जमिनीच्या खोलीवर अवलंबून आहे. तुमचे तीन आकडे घेऊन कृषी विज्ञान केंद्रात या, तिथे ठरवता येईल. भरपावसात मात्र आकडा काहीही म्हणो, आधी चर मोकळे करा.

पर्जन्यमापकाचेही तेच

राज्यात महावेध प्रकल्पातून २०१७ पासून महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, म्हणून त्या केंद्राचा आकडा किती मोलाचा आहे हे तुम्ही जाणताच. सरकारी नोंद त्याच केंद्राची धरतात. पण एका शिवारात धो धो आणि शेजारच्या शिवारात शिंतोडे, हा आपला नेहमीचा अनुभव असल्याने काही जण स्वतःचे यंत्रही लावतात. त्यात दोन चमच्यांची छोटी डोलणारी खोडी असते. एक चमचा भरला की खोडी कलते, पाणी सांडते आणि एक नोंद पडते. नरसाळ्याचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ३१ मिलिलिटर पाणी. एका नोंदीला ०.२ मिलिमीटर पाऊस धरला असेल, तर ३१४ मिलिलिटर पाणी अगदी बारीक धारेने ओतल्यावर ५० नोंदी पडायला हव्यात. धार मोठी सोडली तर नोंदी कमी पडतात, कारण खोडी कलत असतानाही पाणी येतच राहते. जोराच्या पावसात हे यंत्र थोडे कमी सांगते ते यामुळेच. नरसाळ्यात काडीकचरा किंवा कोळ्याचे जाळे असेल तर नोंद चुकते, तेव्हा मृगाआधी ते पुसून घ्यावे.

घेताना एवढे विचारा

जमिनीत राहणाऱ्या भागावर ‘आयपी ६८’ लिहिलेले आहे का ते पाहा. ‘आयपी ६५’ म्हणजे पाण्याचा फवारा सोसणारे, पाण्यात बुडून राहणारे नव्हे. वर्षाची वर्गणी किती, आणि ती थांबवली तर आकडा डब्यावर तरी दिसेल का, हे लेखी घ्या. आपल्या वावरात कोणत्या कंपनीच्या सिमला रेंज मिळते ते स्वतः डब्याच्या जागी उभे राहून पाहा, घराच्या गच्चीवरून नव्हे. शेतात बारावी झालेला मुलगा-मुलगी असेल तर वरच्या परीक्षा त्यांच्याकडूनच करून घ्या. शहरात ‘नायलिट’ ही केंद्र सरकारची संस्था इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे शिक्षण देते. तव्यावर माती वाळवून ज्याला गोडी लागली, त्याला ती वाट मोकळी आहे.

आल्याच्या काढणीआधी यंत्र हाताने उकरून काढा आणि वायर गुंडाळून ठेवा. ट्रॅक्टरच्या फणात वायर तुटली तर हमीत बसत नाही. पट्टीवरची माती ओल्या फडक्याने पुसा, खरवडू नका. पुढच्या लागवडीला ती बसवताना बादलीची परीक्षा पुन्हा घ्या आणि नोंदवहीत मागच्या वर्षीच्या आकड्यांखाली नवे आकडे लिहा.