समुपदेशनाची पहिली भेट : अपेक्षा, स्वरूप आणि मर्यादा
(पुणे शहराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
पुणे शहर विद्येचे माहेरघर म्हणून ओळखले जाते. सदाशिव, नारायण या पेठांतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी, तसेच हिंजवडी परिसरात नोकरी करणारे अनेक तरुण घरापासून दूर एकटे राहतात. अपयश, एकाकीपणा व भविष्याची चिंता यांनी ग्रासल्यावरही समुपदेशकाकडे जाण्यास ते कचरतात. निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांमध्ये मानसिक विकार आढळले आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के व्यक्ती उपचारांपासून वंचित असल्याचे दिसले. महाराष्ट्राचा त्यांत समावेश नव्हता. तरीही समस्येची व्याप्ती त्यावरून ध्यानात येते. समुपदेशनाच्या आरंभी काय घडते हे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञा आणि गैरसमज :
'समुपदेशन' या शब्दातच 'उपदेश' आहे आणि ते घेणाऱ्यास पाठ्यपुस्तकांत 'सल्लार्थी' म्हटले जाते. त्यामुळे समोरची व्यक्ती दोन शब्दांत मार्ग सांगेल, अशी अपेक्षा निर्माण होते. ती पूर्ण न झाल्यास 'नुसत्या गप्पाच झाल्या' असे म्हणून अनेकजण दुसऱ्या भेटीस जात नाहीत. वस्तुतः कार्ल रॉजर्स यांनी १९४२ पासूनच सल्ला देण्यापेक्षा व्यक्तीच्या स्वतःच्या आकलनक्षमतेवर भर दिला होता. अल्बर्ट एलिस यांच्या १९५५ पासूनच्या विवेकनिष्ठ मानसोपचारातही समुपदेशक विचारांतील दुराग्रह दाखवून देतो. ते बदलण्याचा सराव मात्र सल्लार्थीलाच करावा लागतो.

पहिल्या भेटीचे स्वरूप :
पहिली भेट साधारणतः पाऊण ते एक तासाची असते. येण्याचे कारण, झोप, भूक, शिक्षण, कुटुंब, पूर्वीचे आजार व औषधे, तसेच आत्महत्येचे विचार यांविषयी समुपदेशक विचारणा करतो. शेवटचा प्रश्न अपमानास्पद मानू नये. तो सुरक्षिततेसाठीच असतो. सर्व काही एकाच दिवशी सांगण्याचे बंधन नसते. 'याबद्दल आज बोलायचे नाही' असे म्हणता येते. शुल्क, भेटींची वारंवारता व उद्दिष्टे याच वेळी ठरवावीत. समुपदेशक औषधे लिहून देत नाही. गरज भासल्यास तो मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो.

गोपनीयता आणि कुटुंब :
उदाहरणार्थ, परीक्षेत दोनदा अपयश आलेल्या विद्यार्थ्याचे वडील गावाहून दूरध्वनी करून 'मुलगा काय म्हणाला?' असे समुपदेशकास विचारतात. मुलगा प्रौढ असल्यास त्याच्या संमतीविना उत्तर देणे उचित नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. मात्र जीवितास धोका असल्यास किंवा न्यायालयाचा आदेश असल्यास ही गोपनीयता शिथिल होते. या मर्यादा समुपदेशकाने आरंभीच सांगाव्यात. न सांगितल्यास सल्लार्थीने विचाराव्यात.

याचा अर्थ कुटुंबास वगळावे असा नाही. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या कार्यात कुटुंबीयांच्या समुपदेशनालाही स्थान आहे. व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीही तेथे समुपदेशनाचे काम करतात. कुटुंबाचा सहभाग उपकारक ठरतो. परंतु त्याला सल्लार्थीची संमती हवी.

समुपदेशकाची निवड :
चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आवश्यक असते. समुपदेशकांबाबत दीर्घकाळ अशी समान व्यवस्था नव्हती. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने वर्तनविषयक आरोग्यसेवेतील व्यावसायिकांचा विचार केला आहे. तथापि केवळ फलक पाहून विश्वास ठेवू नये. शिक्षण कोठे झाले, प्रत्यक्ष अनुभव किती, कोणती पद्धती वापरता, हे विचारण्याचा सल्लार्थीस अधिकार आहे. जाणकार समुपदेशक अशा प्रश्नांनी दुखावत नाही.

पुढील वाटचाल :
प्रारंभीच्या भेटींनंतर दडपलेल्या भावना वर येऊन काही काळ अस्वस्थता वाढू शकते. विचारांची नोंद ठेवण्यासारखा गृहपाठही दिला जातो. काही भेटींनंतरही समुपदेशकाशी सूर जुळला नाही, तर तसे स्पष्ट सांगावे. समुपदेशक बदलणे म्हणजे कृतघ्नता नव्हे. आत्महत्येचे विचार तीव्र असल्यास मात्र ठरलेल्या भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे किंवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर संपर्क साधावा.

निष्कर्ष :
समुपदेशन हा उपदेश नसून दोघांनी मिळून करावयाचे कार्य आहे. पहिल्या भेटीत उत्तर मिळाले नाही म्हणून ती निष्फळ ठरत नाही. आपला प्रश्न भीती न बाळगता मांडता आला, तर तिचे प्रयोजन साध्य झाले असे समजावे. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्यांना ही माहिती दिल्यास अनेकांचे समुपदेशन अर्ध्यावर सुटणार नाही.