तीनशे ओळींचा फॉर्म

दहा कॉलेजांची नावं कागदावर लिहा. त्यांचा क्रम किती प्रकारे लावता येईल? ३६,२८,८०० प्रकारे. दर सेकंदाला एक क्रम नजरेखालून घालायचा ठरवला, ना झोप ना जेवण, तर काम संपायला ४२ दिवस लागतील. बरोब्बर ४२, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. राज्यातल्या अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाला २०२५ मध्ये जास्तीत जास्त दहा पसंतिक्रम देता येत होते. म्हणजे नुसती नावं वरखाली करण्यातच प्रवेशाचा अख्खा हंगाम सरला असता.

आता दहाची वीस करा. नावं दुप्पट झाली, मग वेळही दुप्पट लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात तोच सेकंदाला एक क्रम धरला तर सुमारे ७,७०० कोटी वर्षं लागतात. विश्वाचं आजवरचं वय १,३८० कोटी वर्षं मानतात. महास्फोटाच्या क्षणी कुणी यादी तपासायला बसलं असतं, तरी आज त्याचं पाचातलं एक कामही झालं नसतं. साठ नावं घेतली तर क्रमांची संख्या दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंच्याही पुढे जाते. अणूंचा ढोबळ अंदाज एकावर ऐंशी शून्यं असा आहे; साठ नावांचे क्रम त्याच्या ऐंशीपट भरतात.

बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) राउंडला जो ऑप्शन फॉर्म भरतात, त्यात पर्याय देता येतात तीनशेपर्यंत.

तीनशे नावांचे क्रम किती, हा आकडा ६१५ अंकी आहे. वहीत एका ओळीवर पंचवीस अंक लिहिले तरी पंचविसावी ओळ लागते. आणि हे झालं तीनशे नावं आधीच ठरलेली असताना. राज्यात इंजिनिअरिंगची कॉलेजं साडेतीनशेच्या घरात आहेत. एकेका कॉलेजात पाच-सहा शाखा धरल्या तर निवडायला दोन हजारांच्या आसपास पर्याय होतात. त्यांतून तीनशे उचलून क्रमाने मांडायचे म्हटलं तर आकडा साडेनऊशे अंकांच्याही पलीकडे जातो.

हे सगळं बहुतेक घरांत तीन-चार दिवसांत उरकायचं असतं. टेबलावर मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडी असते. प्रत्येक चौकोनात वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. आडव्या रांगेत जीओपन-एच, एलओपन-एस असे कोड. जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव; शेवटचा एच होम युनिव्हर्सिटीचा, एस राज्यस्तराचा. कॉलेजांच्या जुन्या चार अंकी कोडचा पहिला आकडा विभाग सांगायचा: एक अमरावती, तीन मुंबई, सहा पुणे. पुण्याच्या सीओईपीचा ६००६ आणि मुंबईच्या व्हीजेटीआयचा ३०१२ हे जुने आकडे कित्येक आईबाबांना स्वतःच्या गाडीच्या नंबरसारखे पाठ असायचे.

पर्सेंटाइल ही आणखी एक डोकं गरगरवणारी चीज आहे. राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेचा निकाल सात दशांश स्थळांपर्यंत लागतो. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची परीक्षा २०२५ मध्ये चार लाखांहून जास्त मुलांनी दिली. त्या हिशेबाने एका पर्सेंटाइलच्या पट्ट्यात चार हजारांवर मुलं येतात आणि ९७.१२ ते ९७.१३ एवढ्या फटीत चाळीस. आता सातव्या दशांश स्थळाकडे या. तिथला एक घर फरक म्हणजे एका मुलाचा अडीच हजारावा भाग! बरोबरीचे गुण टाळायला जागा वाटणाऱ्या यंत्राला ते स्थळ लागतं, मान्य. पण शेजारच्या मुलाशी तुलना करताना घरी कुणी ते वाचून दाखवत असेल, तर खुशाल विषय बदलावा.

एवढ्या आकड्यांनी घाबरलेलं घर मग कुणाला तरी विचारतं. ओळखीतला कुणी प्राध्यापक, सोसायटीतला मागच्या वर्षीचा मुलगा, नाहीतर पैसे घेऊन यादी लावून देणारा काउन्सेलर. तिथे बहुधा एकच सल्ला मिळतो: ‘पहिल्या नंबरला उगाच मोठं कॉलेज टाकू नका, जागा वाया जाते. मिळण्यासारखंच वर ठेवा.’ हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, ही म्हण त्याच्या बाजूने उभी असतेच.

इथे मात्र ती म्हण साफ चुकीची आहे.

यंत्र काय करतं ते पाहा. समजा, एका मुलीचा मेरिट नंबर १८,००० आहे. तिच्या आधीच्या सगळ्यांच्या जागा लावून झाल्या की यंत्र तिची यादी वरून वाचायला घेतं. पहिल्या पर्यायात तिच्यासाठी जागा आहे का? नाही. दुसऱ्यात? नाही. सतराव्यात आहे? दिली. वरचे सोळा पर्याय हुकले म्हणून सतराव्यावरचा तिचा हक्क तसूभरही कमी होत नाही. १८,५०० नंबरच्या मुलाने तेच कॉलेज पहिल्या ओळीत टाकलं असलं तरी जागा आधी हिचीच. आरक्षणाचे, होम युनिव्हर्सिटीचे कप्पे वेगळे असतात, पण प्रत्येक कप्प्यात रीत हीच. उलट मिळण्यासारखं कॉलेज तिसऱ्या ओळीत आणि मनातलं नवव्या ओळीत ठेवलं, तर यंत्र तिसऱ्यावरच थांबतं. नववं मिळत होतं की नाही हे तपासलंही जात नाही.

यामागे गणित आहे, आणि ते जुनं आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले या दोघांनी १९६२ मध्ये कॉलेज प्रवेश आणि लग्नं जुळवणं या दोन्हींवर मिळून एक छोटासा लेख लिहिला. त्यांच्या पद्धतीत अर्ज करणाऱ्या बाजूला खोटा क्रम लावून काहीच फायदा होत नाही, हे पुढे इतरांनी सिद्ध केलं. शॅप्ले यांना २०१२ मध्ये ॲल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल तोवर हयात नव्हते. आपल्याकडे आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश २०१५ पासून एकत्र होतात, ते याच घराण्यातल्या पद्धतीने.

म्हणजे ६१५ अंकी ढिगाऱ्यातून एकच क्रम शोधायचा आहे, आणि तो म्हणजे मुलीला खरोखर हवा असलेला. बाकीचे सगळे निरुपयोगी. गणितात इतका मोठा डोंगर इतक्या स्वस्तात क्वचितच सर होतो.

दोन ठिकाणी मात्र सावध राहावं लागतं. जिथे दहाच ओळी मिळतात तिथे दहाही ओळी आभाळाला हात लावणाऱ्या ठेवून चालत नाही. शेवटच्या तीन-चार हमखास मिळणाऱ्या हव्यात. तीनशे ओळींत ही अडचण नाही. तिथली अडचण वेगळी आहे. २०२५ पासून इंजिनिअरिंगच्या कॅपचे चार राउंड झाले आणि ऑटो फ्रीझचा नियम कडक झाला. पहिल्या राउंडला पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्याला पहिल्या तिनांतला किंवा तिसऱ्याला पहिल्या सहांतला, तर तो घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या राउंडमधून बाहेर. म्हणून वरच्या सहा ओळींत असं एकही नाव नको, जे मिळाल्यावर घरात ‘अगं बाई, आता एवढी फी कुठून आणायची?’ असं व्हावं.

आईबाबांचं खरं काम इथे आहे. क्रम मुलांनी लावावा. यादीत काय असूच नये, हे घराच्या जमाखर्चाने ठरवावं, आणि तेही फॉर्म भरण्याआधी.

फीच्या आकड्यांचं प्रमाण बघा. दिल्लीच्या एम्समध्ये एमबीबीएसची वर्षाची शिक्षण फी दीड हजार रुपयांच्या आत आहे. महाराष्ट्रातल्या काही अभिमत विद्यापीठांत तीच पदवी वर्षाला २५ लाखांच्या वर जाते. सोळाशेपटींहूनही जास्त फरक, आणि दोन्हीकडून बाहेर पडणारे डॉक्टरच. इंजिनिअरिंगमध्ये दरी एवढी खोल नाही, पण आहे. आयआयटीची शिक्षण फी वर्षाला दोन लाख. घरचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ, पाच लाखांपर्यंत असेल तर दोन तृतीयांश माफ. राज्यात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट एकच महत्त्वाची: प्रवेश कॅपमधून हवा. तीच मुलगी, तेच कॉलेज, तोच वर्ग, पण जागा मॅनेजमेंट कोट्यातली असेल तर सवलत नाही. घाईघाईत जुलैमध्येच मॅनेजमेंटची जागा ‘बुक’ करणाऱ्या घरांनी हे दोनदा वाचावं.

माफी लागू नसलेल्या घराचा एक हिशेब मांडू. सोलापूरचा मुलगा घरी राहून शिकला आणि फी वर्षाला लाखभर असेल, तर चार वर्षांचे चार लाख. पुण्यात फी दीड लाख आणि राहण्या-खाण्याचे सव्वा लाख धरले तर चार वर्षांचे अकरा. मधले सात लाख १० टक्क्यांनी दहा वर्षांच्या कर्जावर घेतले तर हप्ता महिन्याला सुमारे ९,२५० रुपये आणि एकूण फेड ११ लाख १० हजार. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलंच नाही. पुणं टाळा असं मी म्हणत नाही. शाखा तीच, प्लेसमेंटचे आकडे तेच, आणि पुण्यातलं कॉलेज फक्त पुण्यात आहे म्हणून वर ठेवलं असेल, तर ती ओळ ११ लाखांची आहे एवढं सगळ्यांना ठाऊक असावं.

आणि ‘काहीच मिळालं नाही तर?’ या भीतीलाही आकडा आहे. २०२४-२५ मध्ये राज्यात इंजिनिअरिंगच्या सुमारे १ लाख ८० हजार जागा होत्या आणि प्रवेश संपले तेव्हा ३० हजारांच्या आसपास रिकाम्या राहिल्या. हवं ते कॉलेज, हवी ती शाखा यांची टंचाई खरी आहे. इंजिनिअरिंगच्या जागेची नाही. त्या भीतीपोटी दोन-तीन ठिकाणी आगाऊ पैसे भरून ठेवणं हा शुद्ध तोटा.

तेव्हा यंदा फॉर्म उघडण्याआधी एका संध्याकाळी मुलांना घराचं उत्पन्न, हप्ते आणि चार वर्षांत झेपेल तो एकूण आकडा स्पष्ट सांगा. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना तो कळतो. त्या आकड्यात न बसणारी नावं त्यांच्यासमोरच खोडा. उरलेल्यांचा क्रम त्यांना लावू द्या, आणि कन्फर्म करण्याआधी पहिल्या सहा ओळी एकदा मोठ्याने वाचून घ्या.