लेसरने पत्रा वाकतो, आरसाही!

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोहार ती लालबुंद तापवतो. तापलेली धाव प्रसरण पावते, लाकडी चाकावर सहज बसते आणि पाणी पडताच आकसून चाकाला आवळते. इथे हातोड्यापेक्षा खरे काम उष्णता करते. कारखान्यात लेसरने पत्रा वाकवतात, तेही याच तत्त्वावर.

लेसरचा झोत पत्र्यावरून रेषेत फिरवला की वरचा थर क्षणात तापतो, खालचा थंडच राहतो. वरच्याला पसरायचे असते, पण भोवतालचा थंड धातू जागा देत नाही. मऊ झालेला थर दाबला जातो आणि निवताना आकसून पत्र्याला लेसरच्या दिशेने ओढतो. गंमत म्हणजे, झोत पडत असताना पत्रा आधी किंचित उलट्या बाजूला झुकतो! एका फेरीत साधारण एक-दोन अंशांचा वाक मिळतो. साचा लागत नाही की दाबयंत्र. मात्र झोत रेंगाळला तर उष्णता खालपर्यंत झिरपते, दोन्ही बाजू सारख्याच तापतात आणि वाक मिळतच नाही. म्हणून संगणकावर पत्र्याचे हजारो बारीक तुकडे कल्पून प्रत्येकाचे तापमान आणि ताण आधीच काढतात. त्यावरून झोताची शक्ती आणि वेग ठरतो.

असेच गणित हिंगोली जिल्ह्यातही लागणार आहे, फक्त उलट कामासाठी. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये लेसरचा प्रकाश आरशांवरून ये-जा करील. लहर आली की भुजेच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो.

अमेरिकेतील लायगोचे हे आरसे 40 किलो वजनाच्या शुद्ध सिलिकाचे आहेत. भुजांमध्ये साठणारा प्रकाश काही शे किलोवॅटचा. त्याचा दशलक्षावा भागही आरसा शोषत नाही. म्हणजे वॅटभरही नाही! पण तेवढ्या उबेनेसुद्धा आरशाचा मध्यभाग किंचित फुगतो आणि मोजणी बिघडते. उपाय म्हणून आरशाभोवतीच्या कड्याने त्याची कड तापवतात. शिवाय शेजारच्या काचेच्या तबकडीवर कार्बन डायऑक्साइड लेसर पाडून प्रकाशाची वाट सुधारतात. एका लेसरची खोडी दुसरा निस्तरतो. पत्र्याचा वाक कायमचा असतो, आरशाचा ऊब असेपर्यंतच. पण काच सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे किती उष्णता कधी द्यायची याचा हिशेब आधीच मांडावा लागतो.

हिशेबाबाहेरचेही काही उरतेच. आरशाच्या लेपात अतिसूक्ष्म ठिपके राहून गेले तर नेमके तेच जास्त तापतात आणि तिथे टेंगूळ उठते. कडेच्या उबेने ते जात नाही. अमेरिकेत याच ठिपक्यांमुळे लेसरची शक्ती हवी तेवढी वाढवता येईना. शेवटी काही आरसे बदलावेच लागले.