केकवरची चेरी, डबीतली चेरी आणि जाळीतलं करवंद

मे महिना लागला की भिवंडीच्या बाजारात फळांच्या गाड्यांवर आंब्यांच्या शेजारी प्लॅस्टिकच्या छोट्या पारदर्शक डब्या दिसू लागतात. आत काळपट लाल, देठासकट चेऱ्या. काश्मीर-हिमाचलातून निघालेलं हे नाजूक फळ जुलैच्या सुरुवातीपर्यंत मिळतं आणि भाव चढाच असतो. तरीही लोक घेतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं: चेरीने रक्त वाढतं, युरिक ॲसिड उतरतं, झोप छान लागते. पदरचे पैसे खर्चून आजारी माणसासाठी नेलेल्या फळाबद्दल खरं काय ते कळायलाच हवं.

पण त्याआधी चेरी कोणती, हे ठरवावं लागेल. कारण पहिला गोंधळ नावातच आहे.

केकवर, क्रीमबनमध्ये, आइस्क्रीमच्या कपात जो लालभडक गोळा असतो, तो आपल्याकडे बहुतेक वेळा चेरी नसतोच. ते करवंद असतं. कच्ची करवंदं चिरून बिया काढतात, चीक आणि आंबटपणा जावा म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवतात, मग लाल रंग देऊन साखरेच्या दाट होत जाणाऱ्या पाकात मुरवतात. पुढच्या वेळी एक गोळा सुरीने उभा कापून पाहा. खऱ्या चेरीत मधोमध एकच गोल, टणक बी असते आणि ती काढली की तिच्या आकाराची खोबण उरते. करवंदात चपट्या, लहान बिया अनेक असतात. एखादी चुकून राहिलेली दातांखाली आली की ओळख पटते. शिवाय चेरी ही गुलाबाच्या कुळातली आणि करवंद कण्हेरीच्या, म्हणजे दोघांचं नातं रंगापुरतंच.

या प्रकारात फळाचे गुण फारसे उरत नाहीत. उरते ती साखर. लाल रंगासाठी बऱ्याचदा एरिथ्रोसिन वापरतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खाद्यपदार्थांतली त्याची परवानगी काढून घेतली आणि उत्पादकांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. मोठ्या मात्रेत नर उंदरांना गाठी झाल्याचं दिसलं होतं. माणसाच्या बाबतीत तसा पुरावा मिळालेला नाही. आपल्याकडे ठरावीक मर्यादेत हा रंग चालतो. म्हणून वाढदिवसाच्या केकवरचा एक गोळा खाल्ला तर घाबरायचं कारण नाही. पण ‘पोरं तेवढीच चेरी खातात’ म्हणून बेकरीतून पाव किलो आणून डब्यात भरून ठेवणं थांबवा. ती मिठाई आहे, फळ नव्हे.

आता खऱ्या चेरीकडे वळू. ‘लाल आहे म्हणून रक्त वाढतं’ ही समजूत सगळ्यांत पक्की, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. शंभर ग्रॅम चेरीत, म्हणजे साधारण डझनभर फळांत, लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं. चेरीचा लाल-जांभळा रंग लोहाचा नाही, अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा आहे. बाळंतिणीला किंवा वयात आलेल्या मुलीला हिमोग्लोबिन कमी निघालं तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, नाचणी-बाजरी, पालेभाज्या, कडधान्यं आणि जेवणात लिंबू हेच खरं. आवडीने चेरी जरूर द्यावी, पण गोळीच्या जागी नको.

युरिक ॲसिडची गोष्ट मात्र निव्वळ ऐकीव नाही. २००३ साली कॅलिफोर्नियात दहा निरोगी स्त्रियांना उपाशीपोटी २८० ग्रॅम गोड चेऱ्या दिल्या, तेव्हा पाच तासांनी रक्तातलं युरिक ॲसिड उतरलेलं दिसलं. २०१२ साली बोस्टनच्या संशोधकांनी युरिक ॲसिडमुळे सांधे सुजणाऱ्या गाउटच्या ६३३ रुग्णांची वर्षभराची माहिती तपासली. दोन दिवसांत चेरी खाल्लेल्यांत दुखणं उसळण्याचा धोका ३५ टक्के कमी होता. चेरीच्या जोडीला ॲलोप्युरिनॉल घेणाऱ्यांत तो ७५ टक्के कमी होता. म्हणजे मोठा फरक दिसला तो औषध चालू असताना. पण हे निरीक्षण होतं, प्रयोग नव्हे. २०२० मध्ये न्यूझीलंडमध्ये गाउटच्या ५० रुग्णांना २८ दिवस आंबट चेरीचा अर्क देऊन पाहिला, तर युरिक ॲसिडवर काही परिणाम दिसला नाही. तेव्हा चेरीची जागा औषधाच्या सोबत आहे, औषधाच्या ऐवजी नाही. अंगठा सुजून रात्रभर तळमळलेला माणूस दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद करून चेरीचा रस पिऊ लागला, तर त्याचे सांधे आणि मूत्रपिंडं दोन्ही धोक्यात येतात. खुद्द अमेरिकेत २००५ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २९ चेरी कंपन्यांना रोग बरे करण्याचे दावे थांबवा अशी ताकीद दिली होती.

झोपेचंही तसंच. चेरीत मेलाटोनिन असतं, हे खरं. पण किती? मॉन्टमोरेन्सी या आंबट जातीत ग्रॅममागे सुमारे साडेतेरा नॅनोग्रॅम मोजलं गेलं. या हिशेबाने ३ मिलिग्रॅमच्या एका गोळीइतकं मेलाटोनिन मिळवायला दोनशे किलोहून जास्त चेऱ्या लागतील! आंबट चेरीच्या अर्काने झोप थोडी वाढल्याचं काही लहान प्रयोगांत दिसलं आहे, पण तो अर्क होता आणि जात आंबट होती. आपल्या गाडीवर येतात त्या गोड चेऱ्या. रात्रपाळीच्या लूमवरून पहाटे घरी येणाऱ्याला खिडकीचा जाड पडदा डबीभर चेऱ्यांपेक्षा जास्त कामाला येईल.

‘चेरीत सी जीवनसत्त्व भरपूर’ हे वाक्य दुसऱ्याच झाडाचं आहे. रोपवाटिकेतून चेरी म्हणून कुंडीत लावायला आणतात ते बऱ्याचदा वेस्ट इंडियन चेरीचं झुडूप असतं. त्याच्या शंभर ग्रॅम फळांत दीड हजार मिलिग्रॅमहून अधिक सी असतं. डबीतल्या चेरीत जेमतेम सात. पेरू तिच्या कितीतरी पुढे.

मधुमेह्याने अजिबात खाऊ नये, असंही नाही. शंभर ग्रॅममध्ये १३ ग्रॅमच्या आसपास साखर, सोबत दोन ग्रॅम चोथा. आठ-दहा फळं, जेवणातल्या भात-पोळीचा हिशेब सांभाळून, चालतात. बाटलीतल्या रसाला हे लागू नाही.

आणि चेरी परवडत नाही म्हणून चुटपुट लागायचं कारण नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूला एप्रिल-मे महिन्यात आदिवासी बायका पानांच्या द्रोणात काळीभोर करवंदं घेऊन रस्त्याकडेला बसतात. पहाटे जाळीत हात घालून, मनगटावर काट्यांचे ओरखडे घेऊन खुडलेली. देठाशी चिकाचा पांढरा थेंब, आत लालसर गर, आंबटगोड. पाठोपाठ जांभळं येतात. रंग देणारी अँथोसायनिन द्रव्यं यांच्यातही आहेत. चेरीवर झालेले प्रयोग करवंदाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण ताजं फळ म्हणून ते कशात उणं नाही. तेच करवंद रंगवून पाकात घातलं की आपण त्याला चेरी म्हणतो आणि वजनावर विकत घेतो, याचं वाईट वाटतं.

राहिली बी. चेरीची बी चुकून गिळली तर विष होतं का, असं आया घाबरून विचारतात. बीच्या आतल्या गरात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, पण ते बी फोडून चावली तरच सुटतं. अख्खी गिळलेली बी बहुधा तशीच बाहेर पडते. मिक्सरला लावताना मात्र बिया काढाच. लहान मुलांना खरा धोका विषाचा नाही, घशात अडकण्याचा आहे. त्यांना बी काढून, फळाचे चार तुकडे करून, समोर बसवूनच द्या.