पायाला भिंगरी लागलेली तारीख

काही तारखा घरकोंबड्या असतात. 16 एप्रिल त्यातली नव्हे. ही तारीख इतिहासात जिथे भेटते तिथे कुठेतरी निघालेली असते.

शनिवार, 16 एप्रिल 1853. दुपारचे साडेतीन वाजून गेलेले. बोरीबंदरला 21 तोफांची सलामी झाली, गव्हर्नरचा बँड वाजला आणि 14 डब्यांत 400 पाहुण्यांना घेऊन गाडी ठाण्याकडे सुटली. ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. नावं ऐकून वाटावं, तालमीतले पैलवानच! अंतर 34 किलोमीटर. भारतात मालासाठी इंजिनं त्याआधीही धावली होती, पण प्रवासी रेल्वेचा वाढदिवस हाच. सगळ्यांना बसायला जागा मिळालेली ठाण्याची गाडीही बहुधा तीच.

14 वर्षांनी, 1867 मध्ये, याच तारखेला अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात विल्बर राइट जन्मला. थोरल्या राइटचं नशीब बघा. डिसेंबर 1903 मध्ये आधी कोणी उडायचं यासाठी नाणं उडवलं, ते विल्बरने जिंकलं आणि विमान आपटलं! तीन दिवसांनी पाळी धाकट्या ऑरव्हिलची. तो 12 सेकंद उडाला आणि अजरामर झाला. त्याच दिवशी विल्बर 59 सेकंद हवेत होता, हे कोणाच्या लक्षात आहे?

हा 59 चा आकडा लक्षात असू द्या. 16 एप्रिल 1912 ला हॅरिएट क्विम्बी ही अमेरिकन पत्रकार डोव्हरहून एकटीने विमान घेऊन निघाली आणि धुक्यातून 59 मिनिटांत फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरली. इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारी ती पहिली वैमानिक स्त्री. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, मथळे, कौतुक? कसलं काय! आदल्याच पहाटे टायटॅनिक बुडाली होती, बाईंच्या वाट्याला कोपऱ्यातली बातमी आली. त्याच जुलैत बॉस्टनजवळ विमानातून पडून त्या गेल्या. या तारखेने इतका अन्याय दुसऱ्या कोणावर केला नसेल.

1889 चा 16 एप्रिल हा चार्ली चॅप्लिनचा जन्मदिवस मानतात. मानतात अशासाठी, की जन्माचा दाखला ब्रिटिश गुप्तहेर खात्यालाही सापडला नाही. पडद्यावर भटक्या म्हणून गाजलेल्या माणसाला हे शोभतंच.

1917 च्या याच रात्री लेनिन पेट्रोग्राडच्या फिनलंड स्टेशनवर उतरला. स्वित्झर्लंडहून निघालेला हा प्रवास जर्मनीने स्वतःच्या मुलखातून होऊ दिला होता, शत्रूच्या घरात आग लागावी म्हणून. गंमत म्हणजे रशियाचं कॅलेंडर जगाच्या 13 दिवस मागे. झुरिकहून 9 एप्रिलला निघालेले लेनिनराव पोचले 3 एप्रिलला! निघण्याच्या आधी पोचवणारी रेल्वे अजून तरी दुसरी ऐकिवात नाही.

1943 च्या प्रवासाला तर गाडीही लागली नाही. स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाच्या अंगात प्रयोगशाळेतलं एलएसडी नकळत भिनलं. गरगरायला लागलं म्हणून तो घरी जाऊन आडवा झाला, आणि मिटल्या डोळ्यांपुढे दोनेक तास रंगांची आतषबाजी. तीन दिवसांनी गड्याने मुद्दाम घेऊन पाहिलं आणि त्या अवस्थेत सायकलवरून घर गाठलं. हा प्रकार कोणी करून बघू नये.

आणि 1972. फ्लोरिडाहून अपोलो 16 उडालं. जॉन यंग आणि चार्ल्स ड्यूक चंद्रावर उतरले, केन मॅटिंगली वर घिरट्या घालत राहिला. ड्यूकने बायकामुलांसोबतचा आपला फोटो प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिथल्या धुळीत ठेवून दिला. दोघांनी चंद्रावर चारचाकी गाडीही पळवली, तीन दिवसांत मिळून जेमतेम 27 किलोमीटर. बोरीबंदरपासून मोजलं तर मुलुंडही आलं नसतं.