कुसू, करवत आणि कॉस्टिंग

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने सुतारकामावर लेख लिहावा हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. मराठी विभाग पाहणाऱ्या सरांनाही ते वाटले. "जमाखर्चाशी संबंध असेल तर लिही," असे त्यांनी हसून सांगितले. संबंध आहे. किंबहुना कॉस्टिंगच्या तासाला जे समजले नाही, ते मला काकांच्या कारखान्यात टेबल सॉसमोर उभे राहून समजले.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. काका, एक कन्नड मिस्त्री, दोन पोरे आणि सुटीच्या दिवशी मी. शेडमध्ये दहा इंची गोल पात्याचे टेबल सॉ आहे. २०२१ साली याच यंत्रावर काकांच्या डाव्या हाताच्या तर्जनीचे पेर गेले. लाकडाची आखूड पट्टी टोकावर उभी धरून ते तिच्या टोकाला उभा काप घेत होते. पट्टी डगमगली आणि हात आत ओढला गेला. त्यानंतर तो काप यंत्रावर घ्यायचाच नाही, असा कारखान्यात अलिखित कायदा झाला. पुढे एका वसतिगृहाच्या ३० खिडक्यांचे काम आले, तेव्हा हा कायदा आम्हाला जड जाऊ लागला. मुदत थोडी होती आणि काम हातचे जाण्याची भीती होती.

आधी तो काप कोणता ते सांगतो. खिडकीच्या दाराच्या चौकटीत दोन उभ्या आणि दोन आडव्या पट्ट्या असतात. आडव्या पट्टीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी लाकूड काढून मध्ये एक जीभ ठेवतात, तिला कुसू म्हणतात. उभ्या पट्टीत त्याच मापाचे चौकोनी भोक पाडतात आणि कुसू त्यात बसवतात. कुसवाची जाडी साधारणपणे लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवायची, हा जुना हिशेब आहे. आमची पट्टी ३० मि.मी. जाडीची, म्हणून कुसू १० मि.मी.चे. ते सैल झाले तर दार पुढे लोंबकळते, घट्ट झाले तर ठोकताना उभी पट्टी चिरते. साऱ्या दाराचे आयुष्य या सांध्यावर असते.

३० खिडक्या म्हणजे ६० दारे. प्रत्येक दाराला ४ कुसवे, म्हणजे एकूण २४०. हाताच्या करवतीने कापून पटाशीने साफ करायला मिस्त्रीमामांना एका कुसवाला १२ मिनिटे लागतात, हे मी घड्याळ लावून पाहिले. २४० कुसवांना ४८ तास, म्हणजे आठ तासांचे सहा दिवस झाले. यंत्रावर हेच काम एका कुसवाला तीन मिनिटांत होईल असा मामांचा अंदाज होता; पुढे तो बरोबर ठरला. पण पट्टी हाताने न धरता एखाद्या साधनात आवळून धरायला हवी. त्या साधनाला टेनॉनिंग जिग म्हणतात. पट्टीला उभी पकडून पात्यावरून सरळ नेणारा हा एक सरकता घोडाच.

जिग तीन प्रकारचे मिळतात किंवा करता येतात. पहिला प्रकार बिडाचा, तयार. अमेरिकेत डेल्टा, ग्रिझली अशा नावांनी तो बरीच वर्षे विकला गेला आहे. त्याच्या तळाशी लोखंडी पट्टी असते, ती टेबलाच्या खाचेतून सरकते. वर पकड आणि बारीक मापासाठी स्क्रू असतो. दुसरा प्रकार प्लायचा, टेबल सॉच्या उभ्या आधारपट्टीवर, म्हणजे फेन्सवर, खोगिरासारखा बसणारा. तो सर्वांत स्वस्त. पण फेन्स जितकी सरळ तितकाच तो सरळ, आणि आमची फेन्स मागच्या टोकाला थोडी हलते. तिसराही प्लायचाच, परंतु खाचेतून सरकणारा. त्याला फेन्सची गरज नाही.

माझा ओढा साहजिकच बिडाच्या जिगकडे होता. फोटोत तो फार देखणा दिसतो. एका विक्रेत्याने तो मागवून घरपोच द्यायचे १८,००० रुपये सांगितले. मी काकांना गळ घालणार, तोच मामांनी माझ्या हाती स्टीलची पट्टी दिली आणि म्हणाले, "आधी खाच मोज."

अमेरिकन टेबल सॉची खाच पाऊण इंच रुंद असते, म्हणजे सुमारे १९ मि.मी. आमचे यंत्र इथलेच, त्याची खाच २० मि.मी. निघाली. म्हणजे १८,००० रुपयांचा जिग आमच्या खाचेत जवळजवळ एक मिलिमीटर डुलला असता. १० मि.मी.च्या कुसवात एक मि.मी.ची चूक म्हणजे शेकडा दहा! कोणताही जिग घेण्यापूर्वी यंत्राची खाच मोजावी, ही या लेखातली पहिली शिकवण. वस्तू चांगली की वाईट हा प्रश्न नंतरचा. आपल्याकडच्या यंत्रात ती बसते की नाही हा पहिला.

आता कॉस्टिंग. प्लायचा जिग करायला १८ मि.मी. प्लायचे तुकडे ९०० रुपये, उद्यमबागेत मापात घासून घेतलेली पोलादी पट्टी ५००, झटक्याने आवळणारा टॉगल क्लॅम्प ४५०, बोल्ट, स्क्रू आणि मूठ २५०. एकूण २,१०० रुपये. हा आकडा मी मोठ्या ऐटीत काकांपुढे ठेवला. ते म्हणाले, "आणि मामाचा एक दिवस? तो काय फुकट?" कॉमर्सचा विद्यार्थी मजुरी विसरला! मामांची दिवसाची मजुरी १,००० धरून खरा खर्च ३,१०० रुपये झाला.

बचत अशी: एका कुसवामागे नऊ मिनिटे. आठ तासांचे १,००० रुपये, म्हणजे नऊ मिनिटांचे पावणेएकोणीस रुपये. ३,१०० ला १८.७५ ने भागले की १६६ येतात. म्हणजे १६६व्या कुसवाला खर्च भरून निघतो. उरलेल्या ७४ कुसवांची बचत निव्वळ आपली. हाच तो समविच्छेद बिंदू, जो मी पुस्तकात आलेखावर पाहिला होता. बिडाच्या जिगला तोच बिंदू ९६० कुसवांवर येतो, म्हणजे असली चार कामे मिळाली तर. रोज कुसवे कापणाऱ्या मोठ्या कारखान्याला तो परवडेलही, मात्र खाच जुळली पाहिजे. आमच्यासारख्यांना तो परवडत नाही.

कोणी म्हणेल, महाग जिगमधला बारीक मापाचा स्क्रू प्लायमध्ये कुठून आणणार? याला दोन उत्तरे आहेत. एक, साध्या आठ मि.मी.च्या बोल्टचा आटा एका फेऱ्यात सव्वा मिलिमीटर सरकतो. पाव फेरा दिला की सुमारे ०.३ मि.मी. याहून बारीक माप लाकडाला क्वचितच लागते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. आम्हाला माप बदलायचेच नव्हते! सगळी कुसवे १० मि.मी.ची. मग स्क्रूऐवजी एक ठोकळा पुरतो.

त्या ठोकळ्याची युक्ती अशी. पट्टीची दर्शनी बाजू जिगला टेकवून आवळायची आणि पहिला काप घ्यायचा. मग पट्टी न उलटता, तीच बाजू जिगकडे ठेवून, मध्ये ठोकळा सरकवून दुसरा काप घ्यायचा. दोन कापांच्या मध्ये उरते ते कुसू. ठोकळ्याची जाडी म्हणजे कुसवाची जाडी अधिक पात्याच्या कापाची जाडी. आमचे पाते ३ मि.मी. लाकूड खाते, म्हणून १० अधिक ३ बरोबर १३. बारा मि.मी. प्लायवर एक मि.मी.चा सनमायका चिकटवला, ठोकळा तयार. पहिला नमुना जरा पातळ आला, तेव्हा ठोकळ्यावर कागदाचे दोन कपटे चिकटवले आणि माप जुळले.

पट्टी उलटून दोन्ही काप घेतले तर एका बाजूची चूक दोन्ही बाजूंना होते. शिवाय पट्टी जितकी जाड-पातळ, तितके कुसूही जाड-पातळ. ठोकळा वापरला की पट्टीच्या जाडीचा प्रश्नच राहत नाही. आमच्याकडे येणारे लाकूड रंधा मारूनही थोडे कमी-जास्त असतेच. म्हणून ही युक्ती आम्हाला स्क्रूपेक्षा अधिक उपयोगी पडली.

तर काटकसर कुठे करावी? देखणेपणात करावी, वजनात करावी, न लागणाऱ्या मापांत करावी. तीन ठिकाणी मात्र पैसा वाचवू नये. पहिले ठिकाण पकड. दहा इंची पाते मिनिटाला ३,००० फेरे घेते तेव्हा त्याचे दात तासाला सुमारे १४४ किलोमीटर वेगाने धावतात. त्याच्यासमोर बोटांनी धरणे म्हणजे पकड नव्हे. शिवाय या कापाला पात्यावरचे झाकण बहुधा काढावे लागते. दुसरे, पट्टीच्या पाठीमागचा उभा टेकू; तो गुण्यात हवा, म्हणजे पट्टी मागे कलत नाही आणि काप संपताना लाकडाची कड फुटत नाही. तिसरे, मूठ, ती पात्याच्या रेषेत नको, बाजूला हवी. प्लायच्या सरकत्या पट्टीऐवजी पोलादी घेतली तीही याच विचाराने. बेळगावच्या जुलैत लाकडी पट्टी फुगून खाचेत अडकते, आणि अडकलेल्या वस्तूला माणूस जोर लावतो. अपघात तिथेच होतो.

कामाचा क्रमही सांगतो. आधी कुसवाच्या दोन्ही बाजूंचे उभे काप, नंतर पट्टी आडवी ठेवून खांद्याचे काप. उलट केले तर ठोकळ्याच्या कापात सुटलेला तुकडा पाते आणि जिग यांच्यामध्ये सापडून उडतो. खांदे कापताना मापाचा ठोकळा पात्याच्या अलीकडे लावावा, म्हणजे सुटा तुकडा फेन्स आणि पात्याच्या मध्ये अडकत नाही.

पहिला काप मामांनी घेतला. मी घाईने मूठ धरायला पुढे झालो तेव्हा ते म्हणाले, "निधान, तम्मा, निधान." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा. आपल्या अंकाचे दोन्ही विभाग वाचणाऱ्यांना ही गंमत कळेल.

दुसऱ्या दिवशी काका शेडच्या दारात बराच वेळ उभे होते. मग आत आले, क्लॅम्प दोनदा उघडून मिटून पाहिला, पट्टी हलवून पाहिली. ती हलली नाही. त्यांनी चार बोटे आणि एक अर्धे बोट मुठीवर ठेवले आणि जिग पुढे सरकवला. त्या दिवशी ५२ कुसवे झाली. खिडक्या मुदतीत गेल्या.

माझ्या हिशेबाच्या वहीत जिगसमोर ३,१०० रुपये लिहिले आहेत. काका पुन्हा यंत्राजवळ आले, ते कोणत्या खात्यात जमा करावे हे मात्र मला अजून ठरवता आलेले नाही.

— बी. कॉम., तृतीय वर्ष