२५ डिसेंबर : नाताळ, चौथी प्रतिज्ञा आणि आपण

विहारातील रविवारच्या धम्मवर्गात एका उपासिकेने विचारलेला प्रश्न प्रस्तुत लेखाचे निमित्त आहे. त्यांची कन्या मिशनरी शाळेत चौथ्या इयत्तेत शिकते. शाळेच्या नाताळच्या नाटिकेत तिला देवदूताची भूमिका मिळाली आहे. त्यांच्या मावशीचे कुटुंब ख्रिस्ती असून नाताळच्या जेवणाचे आमंत्रणही दरवर्षी येते. "आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. मग मुलीने त्या नाटिकेत उभे राहावे की नाही, आणि आम्ही मावशीकडे जावे की नाही?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. वर्गातील एका तरुणाने तत्काळ उत्तर दिले, की परधर्माचा सण आपणांस वर्ज्य आहे. दुसऱ्याने तितक्याच तत्परतेने सांगितले, की सण सर्वांचेच असतात, त्यांत धर्म कशाला पाहायचा? ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. नाताळ कोण साजरा करतो, कोण करीत नाही आणि त्यामागे कोणती कारणे आहेत, हे आधी पाहिले पाहिजे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाताळला सर्वांत कडवा विरोध ख्रिस्तेतरांनी केलेला नाही, तो श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांनीच केला आहे. इंग्लंडमध्ये प्युरिटन पंथाचे वर्चस्व असताना १६४७ साली पार्लमेंटने नाताळ, ईस्टर आदी सण रद्द केले. १६६० साली राजसत्ता परत आली, तेव्हाच ते सण उजळ माथ्याने परतले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ च्या कायद्याने नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता आणि तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ साली सुरू झाली. यहोवाचे साक्षीदार हा पंथ आजही नाताळ पाळीत नाही, वाढदिवसही पाळीत नाही. या सर्वांचे कारण थोडक्यात एकच आहे : बायबलमध्ये या सणाची आज्ञा नाही आणि तारीखही नाही.

हे म्हणणे खोटे नाही. चार शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि लूक या दोघांतच येशूच्या जन्माची कथा आहे आणि त्या दोघांनीही दिवस सांगितलेला नाही. २५ डिसेंबर ही तारीख रोममध्ये चौथ्या शतकात, इसवी सन ३३६ च्या सुमारास पाळली जात असल्याची नोंद मिळते. तीच तारीख का, याविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत. रोममध्ये सूर्यदेवतेचा उत्सव या दिवशी असे, त्याची जागा या सणाने घेतली, हे एक मत. येशूची गर्भधारणा २५ मार्चला झाली असे मानून नऊ महिने मोजले गेले, हे दुसरे. पूर्वेकडील काही चर्च जुन्या पंचांगाप्रमाणे चालतात, म्हणून रशियातील नाताळ ७ जानेवारीस येतो. आर्मेनियन चर्च तो ६ जानेवारीस पाळते.

येथे आपण फार हसू नये. आपल्या घरची स्थितीही पाहावी. तथागतांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्ही घटना वैशाख पौर्णिमेच्या, असे थेरवादी परंपरा मानते. जपानचे बौद्ध मात्र जन्मोत्सव ८ एप्रिलला आणि संबोधीदिन ८ डिसेंबरला पाळतात. बाबासाहेबांनी दीक्षेसाठी निवडलेला १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस विजयादशमीचा होता. सम्राट अशोकाच्या धम्मस्वीकाराशी ती तिथी जोडली जाते, म्हणून आपण तिला अशोक विजयादशमी म्हणतो. आपल्यातील काही जण १४ ऑक्टोबर पाळतात, काही दशमी, आणि पुष्कळ जण दोन्ही! तारखेच्या अनिश्चितीमुळे सण खोटा ठरत नाही. त्या दिवशी माणसे कशावर विश्वास असल्याचे सांगतात, हे पाहावे लागते.

या दृष्टीने अन्य धर्मीयांकडे पाहिले, तर त्यांच्या नकारांची कारणे एकसारखी नाहीत असे दिसते. इस्लाममध्ये इसा हा थोर पैगंबर आहे. कुराणातील मरियमच्या सूऱ्यात खजुराच्या झाडाखाली झालेल्या त्याच्या जन्माची हकीकत आहे. म्हणजे जन्म मान्य, जन्मलेल्याचा मानही मान्य. अमान्य आहे ते ईश्वरपुत्रत्व. यहुदी लोकांना येशू मसीहा म्हणूनच मान्य नाही. तरीही अमेरिकेत शेजारी नाताळचे दिवे लागत असताना आपली मुले हिरमुसू नयेत, म्हणून त्यांनी हनुका हा आपला पूर्वी गौण असलेला सण मोठा केला. उलट जपानमध्ये ख्रिस्ती लोक शंभरात एखादाच आणि नाताळची सुटीही नाही, तरी दुकाने सजतात, स्ट्रॉबेरीचा केक कापला जातो आणि १९७४ सालच्या एका जाहिरातीपासून त्या दिवशी तळलेली कोंबडी खाण्याची चाल पडली आहे. तेथे सण आहे, श्रद्धा नाही. प्युरिटनांजवळ श्रद्धा होती, सण नव्हता. तेव्हा कोणी नाताळ साजरा करतो की नाही, एवढ्यावरून त्याच्या धर्माचे माप काढता येत नाही.

बौद्धांच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण सिंहलद्वीपाचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे आहे. ब्रिटिश अमलात तेथे नाताळची सुटी होती, वैशाख पौर्णिमेची नव्हती. अनागारिक धर्मपाल यांचे शिक्षण ख्रिस्ती शाळांत झाले. वैशाख पौर्णिमेला रजा हवी, अशी मागणी त्या बालकाने केली. ती नाकारली गेली, तरी तो त्या दिवशी शाळेतून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने छड्या खाल्ल्या. पुढील वर्षी पुन्हा तेच झाले. पुढे १८९१ साली महाबोधी सोसायटी स्थापन करणारे धर्मपाल ते हेच. १८८३ च्या ईस्टरमध्ये कोलंबोच्या कोटाहेना भागात बौद्धांच्या मिरवणुकीवर हल्ला होऊन दंगल उसळली. त्या प्रकरणी न्याय मिळेना, तेव्हा कर्नल ऑल्कॉट १८८४ साली बौद्धांची गाऱ्हाणी घेऊन लंडनला गेले. १८८५ साली वैशाख पौर्णिमेची सुटी मिळाली आणि त्याच पौर्णिमेला, २८ एप्रिल रोजी, बौद्ध ध्वज प्रथम फडकला. आपल्या विहारांवर आज डौलाने फडकतो तो हाच ध्वज.

यानंतरचा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. सुटी मिळविल्यावर सिंहली बौद्धांनी सणाची मांडणी कशी केली? वेसाकची शुभेच्छापत्रे निघाली, ती नाताळच्या शुभेच्छापत्रांसारखी. पांढऱ्या वस्त्रांतील मुलांची पथके भक्तिगीते गाऊ लागली, ती नाताळच्या गायनपथकांसारखी. ख्रिस्ती तरुणांची संघटना होती, तशी १८९८ साली कोलंबोत तरुण बौद्धांची संघटना उभी राहिली. ज्यांच्याशी झगडा होता, त्यांच्याकडूनच रीत उचलली. मात्र तिच्यातील आशय धम्माचा ठेवला. हे अनुकरण झाले, असे कोणी म्हणेल. मला त्यात स्वाभिमान दिसतो, कारण आधी आपला दिवस मिळविला आणि मग दुसऱ्याची रीत घेतली. आज श्रीलंकेत वेसाक आणि नाताळ या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुटी असते आणि बौद्ध बहुसंख्य असूनही नाताळची सुटी काढावी असे त्यांना वाटलेले नाही.

आता आपल्या प्रतिज्ञांकडे वळू. पहिल्या तीन प्रतिज्ञांत विशिष्ट हिंदू देवदेवतांची नावे आहेत. त्यांत येशूचे नाव नाही, म्हणून नाताळ मोकळा, असा युक्तिवाद त्या दुसऱ्या तरुणाने केला. परंतु त्याने चौथी प्रतिज्ञा वाचलेली दिसत नाही. देवाने अवतार घेतला यावर माझा विश्वास नाही, असा तिचा आशय आहे आणि तेथे कोणत्याही एका देवाचे नाव घातलेले नाही. नाताळच्या मुळाशी असलेली श्रद्धा हीच आहे, की ईश्वर मानवरूपाने जन्मास आला. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने त्याच श्रद्धेने त्या दिवसाला अर्थ येतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मोक्षदाता आणि मार्गदाता यांतील भेद दाखविला आहे आणि येशूने स्वतःसाठी मागितलेले स्थान बुद्धाने स्वतःसाठी कधी मागितले नाही, याकडे लक्ष वेधले आहे. म्हणून ईश्वरपुत्राच्या जन्माची प्रार्थना बौद्ध माणसाच्या तोंडी येऊ शकत नाही. यात येशूचा अनादर नाही. त्याची करुणा, रोग्यांची व पतितांची त्याने घेतलेली बाजू यांविषयी आदर बाळगण्यास कोणतीही प्रतिज्ञा आड येत नाही. (नाताळच्या नावाखाली वर्षअखेरपर्यंत चालणाऱ्या मद्यपानाचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर पंचशीलात अगोदरच दिलेले आहे.)

पण मावशीच्या आमंत्रणाचे काय? हा प्रश्न आपल्या समाजात नाजूक आहे. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू झाले आणि महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. पुढे १९५६ नंतर त्यांचेच भाऊबंद बौद्ध झाले. एकाच आजोबाची नातवंडे एका वस्तीत विहारात जातात आणि चर्चमध्येही. भारतीय ख्रिस्ती समाजातही जातिभेद शिल्लक राहिला, ही बाबासाहेबांची टीका सुपरिचित आहे. ती त्या व्यवस्थेवर होती, तिच्यात होरपळणाऱ्यांवर नव्हती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माला बांधल्या. त्या आपणांस १९९० साली मिळाल्या, दलित ख्रिस्ती बांधवांना अद्याप नाहीत. जातीचा चटका तोच, कागद मात्र वेगळा. अशा घरून आलेले जेवणाचे आमंत्रण धर्मांतराचे जाळे समजून नाकारणे मला क्रूरपणाचे वाटते.

मज्झिम निकायातील उपाली गृहपतीची कथा येथे आठवते. निगंठांचा हा अनुयायी तथागतांना शरण आला, तेव्हा तथागतांनी त्यास सांगितले, की तुझे घर निगंठांसाठी दीर्घकाळ पाणवठ्यासारखे राहिले आहे, ते आले तर त्यांना दान देणे थांबवू नकोस. उपालीचा विचार बदलला, दार बंद झाले नाही. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा विषयही हाच आहे. लोक विवाह, जन्म, आजारपण अशा प्रसंगी नाना मंगलविधी करतात. ते करावेत, पण त्यांचे फळ अल्प, धम्ममंगलाचे फळ मोठे, असे तो सांगतो. त्या लेखाचा एक तुकडा १९५६ सालीच सोपाऱ्याजवळील भुईगाव येथे सापडला. जेथे सापडला तो वसईचा परिसर मराठी ख्रिस्ती समाजाची जुनी वस्ती आहे. 'नाताळ' हा शब्द मुळात पोर्तुगीज. पोर्तुगीजांच्या ताब्यातील अशाच किनाऱ्यांवरून तो मराठीत रुळला.

शेवटी २५ डिसेंबरचा आपला अर्थ. १९२७ साली याच दिवशी रात्री महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला आणि पां. ना. राजभोज यांनी त्यास अनुमोदन दिले. ही तारीख नाताळची कशी आली, याचा विचार आपण सहसा करीत नाही. ब्रिटिश काळात नाताळात कचेऱ्या व न्यायालये बंद असत. राष्ट्रीय सभेची अधिवेशनेही कित्येक वर्षे याच आठवड्यात भरत. महाडची परिषदही याच सुटीत भरली. राज्यकर्त्यांच्या सणाने दिलेली मोकळीक आपल्या पूर्वजांनी मानवमुक्तीसाठी वापरली. आज हा दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणूनही अनेक ठिकाणी पाळला जातो. २०२७ साली त्या घटनेस शंभर वर्षे होतात.

त्या उपासिकेला मी सांगितले ते असे. नाटिका ही कथा आहे. मुलगी कथेत उभी राहिली म्हणजे तिने शरण घेतले, असे होत नाही. मात्र प्रार्थना म्हणण्याची सक्ती असेल, तर शिक्षकांना भेटून नम्रपणे नकार कळवावा. संविधानाच्या कलम २८ प्रमाणे, शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शाळेत अज्ञान विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीवाचून प्रार्थनेस बसविता येत नाही. तो नकार कशासाठी आहे, हे मुलीला घरी अगोदर समजावून सांगावे, म्हणजे शाळेत तिला लाज वाटणार नाही. मावशीकडे दुपारी जेवायला जावे. सायंकाळी विहारात महाडचा कार्यक्रम असतो, त्यास मुलीला घेऊन यावे आणि मावशीच्या घरचे कोणी येत असतील तर त्यांनाही आणावे. महाडला परिषदेसाठी कोणी जागा देईना, तेव्हा ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी दिली होती, ही हकीकत त्या कार्यक्रमात मुलांना सांगितली जाते.